बिनगाठीची बाही

बाजाराच्या जुन्या इमारतीत जिन्याखाली एक गाळा होता. सरळ उभं राहिलं की डोकं आपटायचं. तिथं बसून एक बाई लोकांचे कपडे दुरुस्त करून द्यायची. पँट आखूड करणं, कंबर सैल करणं, चेन बदलणं, उसवलेलं शिवणं. नवे कपडे सहसा घेत नसे. "नवं काय, कुणीही शिवतं. दुसऱ्यानं बिघडवलेलं सरळ करायला डोकं लागतं," असं म्हणायची आणि म्हणता म्हणता जिन्याला डोकं आपटून घ्यायची. तिला सगळे शिवणकाकू म्हणत. गिऱ्हाइकं म्हणत, शेजारपाजारचे म्हणत, आणि घरात नवऱ्याची मुलगीही काकूच म्हणायची.

ही मुलगी नवऱ्याच्या पहिल्या बायकोची. शिवणकाकूचं लग्न उशिरा झालं, लोकांनी विचारायचंसुद्धा सोडून दिल्यावर. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. कामाच्या शर्टाचा खिसा शिवून घ्यायला गाळ्यावर यायचा. तोच खिसा, पुन्हा पुन्हा. तो स्क्रू-ड्रायव्हरनं फाटतो की हा गृहस्थ मुद्दाम फाडतो, हे तिनं कधी विचारलं नाही. मग एके दिवशी तो मुलीचं बोट धरून आला. लहानपणी सारखी टिवटिव करायची म्हणून त्यानं तिला टिटवी नाव ठेवलं होतं. आई आजारी पडून गेली तशी टिवटिव थांबली, नाव तेवढं राहिलं.

शिवणकाकूनं त्या पोरीचं सगळं केलं. डबा, वेणी, तापात उशाशी बसणं, परीक्षेला सोडायला जाणं. टिटवीनंही कधी त्रास दिला नाही, आणि नेमकं तेच काकूला खुपायचं. पोरगी कधी रुसली नाही, हट्टाला पेटली नाही, उलटून बोलली नाही. "काकू, जेवण छान झालंय." "काकू, तुम्ही राहू द्या, मी घासते." पाहुणी आल्यासारखी घरात राहायची. काही हवं असलं तर बापाच्या कानाशी लागायची.

म्हणून ती कॉलेजात असताना, एका सुट्टीच्या दुपारी, घरातल्या मशीनपाशी येऊन उभी राहिली आणि "तुमच्याकडं एक काम होतं" म्हणाली, तेव्हा काकूनं हातातलं काम तसंच बाजूला ठेवलं.

काम जगावेगळं होतं. टिटवी कॉम्प्युटरवर भुताचा एक गेम खेळायची. अशा गेममधल्या पात्रांसारखे हुबेहूब कपडे घालून लोक स्पर्धेला येतात, त्याला कॉस्प्ले म्हणतात, हे तिनं समजावून सांगितलं.

"म्हणजे वेशभूषा स्पर्धा."

"तसंच. पण मोठ्या माणसांची."

"आणि तू कोण होणार?"

टिटवीनं गेम लावून दाखवला. जपानमधलं एक ओसाड घर, कागदाची सरकती दारं. दाराआडून एक पांढरी सावली हळूहळू पुढं येत होती. काकूनं पाय खुर्चीवर घेतले. दार सरकलं आणि एक बाई दिसली. केस तोंडावर आलेले, अंगात पायघोळ पांढरा किमोनो, बाह्या गुडघ्यापर्यंत लोंबणाऱ्या.

"अगं बाई! बंद कर ते आधी!"

टिटवी हसली. "ही पांढरी बाई. हिला बघून पळायचं नाही, पळालं की मेलोच. मान खाली घालून हिच्या बाह्यांकडं बघत उभं राहायचं. मग ती दोन्ही हात वर करते आणि निघून जाते."

"कुठं जाते?"

"मुलीला शोधायला. आई आहे ना ही. मेलेली. हिची मुलगी त्या घरात कुठंतरी राहिलीय."

बसची वेळ सांगावी तसं तिनं हे सांगितलं. काकू पडद्याकडंच बघत राहिली. मग टिटवी आत गेली आणि कपाटावरची बॅग काढून घेऊन आली. ती बॅग काकू नेमानं पुसायची, पण उघडून कधी बघितली नव्हती. टिटवीनं आतून कापडाची घडी काढली. दुधाच्या सायीसारखं रेशीम, कडांना जरा पिवळं पडलेलं.

"आईनं आणलं होतं. तिला आणि मला एकसारखे ड्रेस शिवायचे होते. राहिलं."

"अगं, बाजारात पांढरं कापड काय कमी आहे? हे कशाला?"

"मला हेच पाहिजे."

"माझ्या हातून बिघडलं तर?"

"तुम्ही कधी बिघडवत नाही," टिटवी म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा पोरीनं काकूकडं हट्ट केला होता. नाही म्हणायची तिची छाती झाली नाही.

कापड बेतायला घेतलं त्या दिवशी नवरा सुट्टी असूनही कुठलीशी लिफ्ट बघायला निघून गेला. काकूनं कात्री हातात घेतली, ठेवली, चहा केला, पुन्हा घेतली. किमोनोत वळण म्हणून नसतं. सगळ्या सरळ पट्ट्या. पाठीला, पुढं, बाह्यांना, गळ्यालासुद्धा सरळच. काकूची उभ्या आयुष्याची अक्कल गोलाईत होती, बगल कुठं खोलगट घ्यायची, कंबर कुठं आत घ्यायची. इथं त्या अकलेला कुणी विचारत नव्हतं. टिटवी शेजारी बसून व्हिडिओ लावायची, थांबवायची, पुन्हा लावायची. मशीनवर रेशीम चुण्या धरायला लागलं तशी काकूनं मशीन बाजूला सारलं आणि सगळं हातानं शिवायला घेतलं.

ते दिवस चांगले गेले. टिटवी बोलायला लागली. जिवंत माणूस किमोनोची डावी बाजू वर घेतो आणि मेलेल्याला नेसवताना उजवी वर घेतात, म्हणून आपणही उजवीच वर घ्यायची, हे सांगितलं. "चुकून डावी घेतली तर?" काकूनं विचारलं. "तर भूत जिवंत होईल," टिटवी म्हणाली, आणि दोघी हसल्या. एकदा तिनं असंही सांगितलं, की तिकडं मेलेल्या माणसाचा कपडा शिवताना दोऱ्याला गाठ मारत नाहीत. त्याला कशानं बांधून ठेवायचं नाही, म्हणून.

"ते तिकडं. माझ्या हातून बिनगाठीचं काम व्हायचं नाही," काकू म्हणाली. "उसवलं तर लोक मला हसतील."

अंग शिवून झालं, गळ्याची पट्टी लागली, उजवी बाही लागली. डावी पाठीमागून लागली, पुढून लावायला घेतली तेव्हा टिटवी गॅलरीत फोनवर मैत्रिणीशी बोलत होती. दार अर्धवट उघडं होतं.

"छे गं, विकतचा कुठला? घरीच शिवतायत... नाही, आई कुठनं? आमच्या घरात एक बाई आहेत ना, शिवणकाम करतात, त्या."

काकूचा हात थांबला.

घरात एक बाई आहेत. भांडी घासायला येणाऱ्या बाईबद्दलसुद्धा माणूस जरा जास्त जवळिकीनं बोलतं. मेलेल्या आईचं कापड, मेलेल्या आईचं सोंग, आणि डोळे फोडून शिवणारी कोण, तर घरात आहेत एक बाई. समोर खांद्याची शिवण होती. तिनं दोरा ओवला आणि लांब लांब, ढिला धावदोरा घालत गेली, उशीच्या अभ्र्यालाही कुणी घालणार नाही असा. शेवटी गाठ मारायची वेळ आली. नाहीतरी बिनगाठीचंच हवं होतं ना तुला, असं मनाशी म्हणत तिनं दोरा तसाच तोडला.

रागाच्या भरात माणूस काहीही करतं. तेवढंच असतं तर काकूनं स्वतःला कधीच माफ केलं असतं. पण दुसऱ्या दिवशी राग उतरला होता. ती किमोनोला इस्त्री करत होती. त्या शिवणीवरून इस्त्री फिरली, ढिला दोरा डोळ्यांना स्पष्ट दिसला. सुई हाताशी होती, दुपार मोकळी होती. पक्कं करायला फार तर चहा उकळेपर्यंतचा वेळ लागला असता. तिनं शिवणीवर बोट फिरवलं, किमोनोची नीट घडी घातली आणि पिशवीत ठेवून दिला.

स्पर्धेच्या सकाळी टिटवी घरूनच सजून निघाली. तोंडाला पांढरा रंग, गुडघ्यापर्यंत केसांचा टोप, पायांत लाकडी चपला. लिफ्ट खालच्या मजल्यावर थांबली, दार उघडलं, आणि समोर भाजीची पिशवी घेऊन उभे असलेले शेजारचे निवृत्त मास्तर "आई गं!" म्हणून जे मागं सरले ते थेट जिन्याकडं. "मास्तर, मी टिटवी!" असं ती ओरडली, पण ते पायऱ्या चढून पसार झाले होते. ती पोट धरून हसत होती. हसताना खांदा हलत होता. काकूचं सगळं लक्ष त्या खांद्याकडं होतं.

"जरा थांब, एक टाका घालते," असं तिनं बसमध्ये दोनदा मनात म्हटलं. डबीत सुई-दोरा होता. पण आता टाका घालायचा म्हणजे का घालायचा ते सांगावं लागणार. टिकेलही कदाचित. एवढ्याशा वेळाचा तर प्रश्न, असं म्हणत ती खिडकीबाहेर बघत बसली.

हॉल पोरापोरींनी गच्च भरला होता. राक्षस, सैनिक, पंख लावलेल्या मुली. टिटवीचा नंबर आला तसे दिवे मंद झाले. ती इतकी सावकाश चालत आली, की पुढच्या रांगेतली माणसं खरंच मान खाली घालून बसली. मधोमध येऊन ती थांबली आणि तिनं दोन्ही हात वर उचलले.

डाव्या खांद्यावरची शिवण पुढून सुटली. आवाजसुद्धा झाला नाही. बाही पाठीमागून तेवढी धरलेली, खाली जमिनीपर्यंत लोंबायला लागली. टिटवीला ते कळलंच नसावं. वळताना तिची लाकडी चप्पल बाहीवर पडली, आणि टर्रकन आवाज आला तो मात्र मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेला. पाठीचं रेशीम खांद्यापासून कमरेपर्यंत फाटलं होतं. आतला निळा टी-शर्ट दिसला. कुणीतरी फिदीफिदी हसलं. टिटवी क्षणभर उभी राहिली, मग फाटलेली बाही हातावर घेतली आणि तशीच सावकाश, भुतासारखीच, आत निघून गेली.

काकू धावत मागच्या खोलीत पोचली तेव्हा परीक्षकांपैकी एक बाई तिथं आधीच आल्या होत्या. त्या नाटकांचे कपडे करायच्या. त्यांनी शिवण बोटांत धरून बघितली.

"दोरा सरळ निघून आलाय. शेवटाला गाठच नाही."

तेवढ्यात टिटवीच बोलली. रंगावरून डोळ्यांचं पाणी ओघळलं होतं, पण आवाज ठाम होता.

"ते मुद्दाम आहे. मेलेल्यांचे कपडे बिनगाठीचे शिवतात. मी काकूंना सांगितलं होतं. मला वाटलं त्यांनी लक्षच दिलं नाही, पण त्यांनी खरंच तसं शिवलं. चूक माझी आहे, मी पाय दिला."

त्या बाईंनी काकूकडं कौतुकानं बघितलं. "हो? मुद्दाम?"

"हो," काकू म्हणाली.

तो एक शब्द तिच्या तोंडून किती सहज निघाला, याचं तिला पुढं कितीतरी दिवस नवल वाटत राहिलं.

बक्षीस मिळालं नाही. पण निकाल सांगताना त्या बाईंनी पांढऱ्या बाईच्या किमोनोच्या शिवणकामाचा खास उल्लेख केला. टाळ्या पडल्या. टिटवीनं बापाला फोन लावून सांगितलं, "बाबा, काकूंचं नाव घेतलं स्टेजवरून!" आणि परतीच्या बसमध्ये ती काकूच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. काकू ताठ बसून राहिली. खांद्याला रग लागली तरी हलली नाही. हलायचा आपल्याला हक्क नाही असं तिला वाटत होतं.

त्यानंतर नवरा भेटेल त्याला सांगत सुटला. लिफ्टमध्ये सांगितलं, दुकानात सांगितलं, मास्तरांच्या घरी जाऊन माफी मागितली तिथंही सांगितलं. जो तो काकूला म्हणायचा, "अहो, नाव काढलंत!" आणि काकू मान खाली घालायची. लोकांना वाटायचं, बाई किती साधी. गाळ्यावर ती आता प्रत्येक शिवणीवर दोनदोनदा टीप मारायला लागली. एक गिऱ्हाईक शर्ट परत घेऊन आलं. "काकू, तुम्ही लावलेलं बटण काजातून निघतच नाही हो. अंघोळीला शर्ट घालून जाऊ का?" एरवी ती खळखळून हसली असती.

एके दुपारी टिटवी गाळ्यावर आली. पिशवीतून फाटका किमोनो काढून तिनं काकूच्या मांडीवर ठेवला.

"हे जमेल ना तुम्हाला? कळणार नाही असं?"

काकूनं फाटलेल्या कडा जुळवून बघितल्या. धागे विस्कटले होते. कळणार नाही असं ते कुणालाच जमलं नसतं. तिनं बोटांनी धागे सरळ केले, पुन्हा केले.

"टिटवी, बस जरा."

"कुठं बसू? जागा कुठाय?"

"त्या पिशव्या खाली ठेव. ...ती बाही मी मुद्दाम तशी शिवली होती."

"माहितीय की. मीच तर सांगितलं होतं."

"तू सांगितलंस म्हणून नाही. ती निसटावी म्हणून."

जिन्यावरून कुणीतरी धडधडत खाली उतरलं, गाळ्याचं छत थरथरलं.

"का?"

"तू फोनवर म्हणालीस, घरात एक बाई आहेत."

टिटवीनं आठवून बघितलं. आठवलं असावं. "मग काय म्हणायला हवं होतं मी?" तिनं विचारलं. त्यात टोमणा नव्हता. तिला खरंच माहीत नव्हतं, आणि काकूलाही.

"आईचं कापड होतं ते, काकू."

"हो."

"इस्त्री तुम्हीच केलीत. तेव्हा दिसलं असेल."

"दिसलं."

"आणि त्या बाईंनी विचारलं तेव्हा हो म्हणालात. माझ्यासमोर. मी रडत होते आणि तुम्ही हो म्हणालात."

काकूनं मान हलवली. टिटवीनं तिच्या मांडीवरून किमोनो ओढून घेतला आणि घडी न घालता, तसाच छातीशी धरून बाजारातून चालत गेली.

घरी त्या दिवसापासून दारं आपटायला लागली. टिटवी ताट घेऊन आपल्या खोलीत जायची. काकूनं हाक मारली की "काय आहे?" म्हणून खेकसायची. नवरा चक्रावून गेला. "अगं, झालं काय हिला? माझ्यावर कधी अशी चिडली नाही ती." हे ऐकून काकूला मनात कुठंतरी बरं वाटलं. घरातल्या माणसावरच असं चिडतात, असं काहीतरी मनात आलं. आणि मग त्या बरं वाटण्याचीच तिला इतकी लाज वाटली, की ती मोरीत जाऊन तोंड धुऊन आली.

नवऱ्यालाही तिनं सांगून टाकलं. तो जेवत होता. हातातला घास त्यानं ताटात ठेवला. रागावेल, निदान आवाज तरी चढवेल, अशी तिची अपेक्षा होती.

"ते कापड घ्यायला मी गेलो होतो टिटवीच्या आईबरोबर," तो म्हणाला. "ती म्हणत होती, जरा बघा तरी, मऊ कसं आहे. मी कंटाळून दुकानाबाहेर उभा राहिलो." मग उठला, हात धुतला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. काकूला वाटलं, याच्यापेक्षा ओरडला असता तर बरं झालं असतं.

आठवडे गेले. काकूनं दोनदा माफी मागितली. एकदा टिटवी उठून गेली, एकदा "बरं" म्हणाली. ते बरं कसलं होतं, हे काकूनं विचारलं नाही.

मग एका रविवारी सकाळी टिटवी किमोनो घेऊन मशीनपाशी आली. तिनं तो टेबलावर पसरला.

"मला शिकवा. मीच शिवणार आहे. तुम्ही हात लावायचा नाही."

"नाही लावत."

"सुईलासुद्धा."

"नाही गं."

काकू खिडकीपाशी स्टुलावर बसली आणि दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसली, म्हणजे चुकून पुढं जायला नकोत. दोरा किती घ्यायचा, कड कशी दुमडायची, खालून अस्तराची पट्टी कशी लावायची, हे तोंडानं सांगायला लागली. टिटवी शिकवलेलं अर्धं ऐकायची, अर्धं आपल्या मनानं करायची. टाके एक लांब, एक आखूड. शिवण पाठीवरून मुंगी भरकटावी तशी चालली होती. अशा रेशमावर अशी शिवण बघून काकूच्या बोटांना अक्षरशः कळ येत होती.

"वाकडं जातंय का?"

"जातंय."

"उसवू?"

"तू ठरव. तुझं कापड आहे."

टिटवीनं किमोनो वर धरून बघितला. लांबून बघितला, जवळून बघितला. "नको. असू दे," म्हणाली आणि पुढं शिवायला लागली. थोड्या वेळानं सुई बोटात घुसली. "आई गं!" करून तिनं बोट तोंडात घातलं, पण तोवर रेशमावर लाल ठिपका उमटला होता. काकू गार पाणी आणायला झटक्यात उठली.

"राहू द्या," टिटवी म्हणाली. "भुताच्या अंगावर एवढं चालतं."

काकूला हसू आलं, पण आपण हसावं की नाही हे तिला ठरवता आलं नाही. ती तशीच अर्धवट उभी राहिली. टिटवीनं डोकं खाली घातलं होतं. दोरा सुईच्या नाकातून निघाला होता आणि तो पुन्हा ओवायला ती डोळे बारीक करून धडपडत होती. मी ओवून देते, हे शब्द काकूच्या ओठांवर आले होते. तिनं दोन्ही हात पाठीमागं धरले.

"काकू, सरका हो," टिटवी वर न बघताच वैतागून म्हणाली. "सगळा उजेड अडवलाय तुम्ही."

काकू खिडकीपासून बाजूला सरकली.